दोन फरश्यांचं दार

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. मीसुद्धा अशा गोष्टी वाचताना पहिल्याच ओळीला हसायचे. आता नाही हसत. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला फक्त हे कुणाला तरी सांगायचंय, कारण घरात सांगावं असं कुणी उरलेलं नाही.

आणि एक आधीच सांगते. यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही, कुत्री रडत नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं. रविवारच्या दुपारी, जेवणं आटोपून, भांडी घासून झाल्यावर, डोक्यावर पंखा फिरत असताना. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत. तिथे माझा कॉम्प्युटर असतो आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ.

माझं काम चष्म्याच्या दुकानात. पुढे काउंटरवर नाही, मागे. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाने कापायच्या, बसवायच्या. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून स्वतःचे डोळे फोडायचे, आणि घरी येऊन उरलेसुरले स्क्रीनसमोर बसून फोडायचे. आई म्हणायची, या पोरीला डोळ्यांचा कंटाळा आलाय.

माझा छंद म्हणजे लेव्हल बांधणं. माझ्या कॉलेजच्या काळातला एक जुना गेम आहे. ज्यांनी काढला ते कधीच विसरले त्याला. पण आमच्यासारखे काही रिकामटेकडे अजून त्याच्यासाठी नवनव्या लेव्हल बांधतात आणि फुकट वाटतात. लेव्हल म्हणजे खोल्या, जिने, बोळ, दारं. खेळणाऱ्याने एका टोकाने आत शिरायचं आणि वाट शोधत दुसऱ्या टोकाच्या दारातून बाहेर पडायचं. बस्स.

ते बाहेरचं दार नुसतं उभं करून चालत नाही. आत शिरणारा माणूस कुठे निघणार, तेही लिहावं लागतं. त्याला आम्ही दाराचा पत्ता म्हणतो.

माझं घोडं नेमकं तिथेच अडायचं.

लेव्हल होत आली, की माझ्या डोक्यात एक बाई जागी व्हायची. कंबरेवर हात ठेवून विचारायची, हे काय बांधलंयस? कोण खेळणार हे? लोकांचं काम बघ आणि तुझं बघ. मग मी लोकांचं बघायची. मग मला माझं बघवायचं नाही. बाहेरचं दार केलं की लेव्हल पुरी झाली, आणि पुरी झाली की लोकांपुढे ठेवायला हवी. म्हणून मी दारच करायची नाही. नवी फाइल उघडायची. माझ्या कॉम्प्युटरमध्ये अशा कित्येक लेव्हल पडून होत्या. सगळ्या शेवटी भिंतीला जाऊन थांबलेल्या.

आणि त्या सगळ्या एकाच माणसाने खेळलेल्या. माझ्या भावाने.

त्याला आम्ही टोळ्या म्हणायचो. लहानपणापासून एका जागी उभा म्हणून राहिला नाही. मोठा होऊन घरोघर पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. बेल वाजवली की दार उघडेपर्यंत त्याला दम निघायचा नाही. तिथेच जागच्या जागी दोन उड्या मारायचा. धप् धप्. आमच्या घराची बेल तर तो वाजवायचाच नाही. उड्या ऐकूनच आई दार उघडायला उठायची.

गेममध्येही तेच. त्याचा बाहुला कायम डाव्या भिंतीला चिकटून चालायचा, आणि कुठलंही दार आलं की आधी दोन उड्या. मी खूप चिडवायची त्याला. गेममध्ये कोण दार उघडणार आहे तुझ्यासाठी?

त्याला एकट्याने खेळायचा कंटाळा आला, म्हणून शेवटची लेव्हल मी दोघांसाठी बांधत होते. शेवटच्या खोलीत दोन फरश्या. दोघांनी एकेका फरशीवर एकदम उभं राहायचं, तरच बाहेरचं दार उघडणार. खेळणाऱ्यांची घाई व्हावी म्हणून मी त्या खोलीत पाणी सोडलं होतं. हळूहळू चढणारं.

फरश्या केल्या. पाणी केलं. दार… नेहमीसारखं राहिलं.

एका रविवारी तो ती खेळला. शेवटच्या खोलीपर्यंत आला, भिंतीसमोर उभा राहून त्याने दोन उड्या मारल्या, आणि पाणी डोक्यावरून गेलं. तो खुर्ची मागे ढकलून हसला. "बुडवलंस की गं ताई. या खेपेला तरी दार कर. मी किती दिवस तुझ्या भिंतींना डोकं आपटू?"

मी म्हटलं, करते.

गुरुवारी तो एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पार्सल द्यायला गेला. रस्त्याखालची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली आणि सगळं पाणी त्या तळघरात शिरलं. वर यायचं जे दार होतं ते पलीकडून बंद होतं.

याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

मी एवढंच सांगते, की चार भिंती, चढतं पाणी आणि दार नाही, अशी खोली मी त्याच्यासाठी आधीच बांधून ठेवली होती. स्मशानातून आल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. लोक येत होते, जात होते, पाठीवर हात ठेवत होते. मला प्रत्येकाला विचारावंसं वाटत होतं, तुम्हाला माहितीये का मी काय केलंय?

आईने तर अंथरूण धरलं. तिचे गुडघे आधीच गेलेले, वॉकर धरून चालायची. आता तेही सोडलं. दोन घास खायची, तेसुद्धा मी डोळे वटारल्यावर. दारावर काही वाजलं की मान वळायची तिची, आणि परत पडायची. माझ्याने बघवायचं नाही.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी मी कॉम्प्युटर सुरू केला. ती लेव्हल कायमची पुसून टाकायची, एवढंच ठरवलं होतं.

पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून उघडली.

आमच्या प्रोग्रामात एक सोय असते. कुणी लेव्हल खेळलं, की त्याची चाल टिपून ठेवली जाते. नंतर ती लावून बघता येते. कुठे थांबला, कुठे अडखळला, बांधणाऱ्याला कळतं. टोळ्याची त्या रविवारची चाल तिथे होती. मी लावली.

राखाडी बाहुला डाव्या भिंतीला चिकटून चालू लागला. प्रत्येक दाराशी दोन उड्या. मी तोंडात पदर… पदर कुठला, ओढणीचा बोळा कोंबून रडत होते. शेवटची खोली आली. भिंत. दोन उड्या. पाणी. संपलं.

मला ती पुसवेना.

उलट मी बांधायला बसले. का, ते विचारू नका. हाताला काहीतरी हवं होतं. शेवटच्या खोलीच्या अलीकडे उजव्या हाताला मी एक छोटा जिना काढला. कुठेच न जाणारा. वर एक बंद कोनाडा. सेव्ह केलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा टोळ्याची चाल लावली. सोबत म्हणून हो, दुसरं काय.

बाहुला निघाला. डावी भिंत. दाराशी दोन उड्या. बोळ. आणि मग…

तो थांबला.

उजवीकडे वळला.

आणि माझा नवा जिना चढून वर गेला.

मी खुर्चीत बसल्या जागी थिजले. ही चाल महिन्याभरापूर्वी टिपलेली होती. तो जिना काल केलेला होता. टिपलेली चाल नव्या जिन्यावर चढत नसते. जुनी चाल नव्या भिंतींतून सरळ आरपार जाते, आंधळ्यासारखी. मी इतकी वर्षं हेच करते आहे, मला माहीत नाही होय?

बाहुला कोनाड्यात गेला. भिंत चाचपली. दोन उड्या मारल्या. वाट बघितली. मग पुन्हा खाली आला, शेवटच्या खोलीत गेला, डाव्या फरशीवर उभा राहिला. पाणी चढलं. तो बुडाला.

मी प्रोग्राम बिघडला म्हणून स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी आणखी एक बोळ काढला, मुद्दाम वेडावाकडा. तो त्यातूनही गेला. टोकाला भिंत. दोन उड्या. तो दार शोधत होता. सगळीकडे. मी बांधीन तिथे जात होता आणि दार नाही बघून परत येत होता.

आणि रोज बुडत होता.

एक दिवस चाल लावून, स्पीकर चालू ठेवून मी पाणी प्यायला गेले. बाहुल्याच्या उड्या घरभर ऐकू येत होत्या. परत येते तो मागच्या खोलीच्या उंबऱ्यात आई उभी. वॉकर धरून. इतक्या दिवसांनी आपल्या पायांवर. तोंडावर कसलंतरी तेज.

"टोळ्या आला ना?"

मी स्क्रीनकडे बोट केलं. आई माझ्या कॉम्प्युटरला डबडं म्हणायची, कधी ढुंकून बघितलं नाही तिने. त्या दिवशी खुर्ची ओढून बसली आणि बघतच राहिली. बाहुल्याला नाक नाही, डोळे नाहीत. पण चार पावलं बघितली आणि तिने ओळखलं. चालतो कसा बघ मेला, भिंत घासत, शर्ट खराब करील, म्हणाली.

त्या दिवसापासून रोज मी कामावरून आले की आई तयार. वेणी घातलेली. पोटभर जेवलेली. चला, लाव म्हणायची. शेजारची शिक्षिका मला जिन्यात थांबवून म्हणाली, आई बऱ्या दिसतात हो आता, काय औषध दिलंस? मी हसले.

फक्त एक अट होती आईची. पाणी यायच्या आत बंद करायचं. शेवटची खोली आली की ती माझं मनगट धरायची. मी कॉम्प्युटर बंद करायची. आई समाधानाने उठून जायची. तिच्या लेखी टोळ्या चालत होता. रोज चालत होता. बुडत कधीच नव्हता.

पण एका रविवारी…

दुपारी असाच कॉम्प्युटर बंद केला. आई तिच्या खोलीत गेली. मी इस्त्री लावायला म्हणून कॉम्प्युटरचा प्लग काढला. वायर माझ्या हातात होती. स्क्रीन काळी. पंखा फिरतोय. बाहेर कुणीतरी गादी झोडपतंय.

आणि खोलीत…

धप् धप्.

मी वायरकडे बघितलं. हातातच होती.

धप् धप्.

आवाज स्पीकरमधून नव्हता. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये जी भिंत आहे, तिच्या पलीकडून होता. त्या भिंतीपलीकडे काहीही नाही. दुसरा मजला आहे, पलीकडे हवा.

मग पाण्याचा आवाज सुरू झाला. टाकी भरताना येतो तसा. आधी तळाशी, मग वर, मग आणखी वर. मधेच उड्या. पाण्यातून मारलेल्या, जड. मग उड्या बंद झाल्या. मग दोन-तीन वेळा हाताने थोपटल्यासारखं काहीतरी. मग काहीच नाही.

मी जमिनीवर बसले. म्हणजे आम्ही बघितलं काय, नाही बघितलं काय, त्याचं सगळं शेवटपर्यंत होत होतं. आम्ही फक्त डोळे मिटत होतो.

त्याच दुपारी मी ठरवलं. दार करायचं.

सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण माऊस हातात घेतला आणि ती डोक्यातली बाई उठली. तुला जमणार आहे का? आजवर कधी जमलंय? आणि चुकलं तर? या वेळी चुकलं तर कुणाला भोगावं लागेल, कळतंय ना? मी दार उभं करायची, बघायची, पुसायची. फार अरुंद. पुसलं. फार उंच. पुसलं. दुकानात एका आजोबांच्या चष्म्याच्या काचा उलट्या बसवल्या, मालकाची बोलणी खाल्ली. दिवस जात होते आणि भिंतीपलीकडे रोज पाणी चढत होतं.

मग आईला कळलं, मी काय करतेय ते. दार झालं की तो जाईल, हे मला तिला सांगावं लागलं नाही. ती उंबऱ्यातच वॉकर टेकून उभी राहिली.

"चिमे," ती म्हणाली. जन्मल्यापासून मला ती चिमीच म्हणते. "आजवर एक गोष्ट पुरी केली नाहीस. मी कधी बोलले का तुला? मग ही एक नको करूस पुरी. तुझ्या पाया पडते."

आईने पाया पडते म्हटलं की लेकीने काय करायचं असतं? मी माऊस ठेवला. खरं सांगते, मला बरंच वाटलं. निमित्त मिळालं. आणि असं बरं वाटल्याची इतकी किळस आली मला स्वतःची, की मी आईचा हात धरला, तिला आत आणलं आणि त्या भिंतीशी उभं केलं. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढून वायर हातात धरली.

म्हटलं, ऐक.

आई ऐकत उभी राहिली. धप् धप् झालं तेव्हा तिचा चेहरा फुलला. मग पाणी सुरू झालं. तिने माझ्याकडे बघितलं. माझं मनगट धरलं, नेहमीसारखं. बंद कर. मी हातातली वायर दाखवली.

शेवटी ते थोपटणं आलं. आईने भिंतीला तळहात लावला.

ते थांबेपर्यंत ती तशीच उभी होती. मग म्हणाली, "कर दार. आणि त्याला मी उघडून देणार. तू नाही."

दोन फरश्या आठवतात ना? टोळ्याच्या जोडीला दुसऱ्या फरशीवर कुणीतरी उभं राहायला हवंच होतं.

त्या दुपारी डोक्यातली बाई बोलत होती आणि मी तिला बोलू दिलं. तू बोल, मी बांधते. चौकट केली. दार केलं. फरश्या दाराला जोडल्या. घाम डोळ्यांत उतरत होता, भिंतीमागे पाणी चढायला लागलं होतं. दार सुंदर नव्हतं. साधं, आमच्या स्वयंपाकघराच्या दारासारखं. मी सेव्ह केलं.

सरावासाठी अशी सोय असते, की एक खेळाडू म्हणून टिपलेली चाल लावायची आणि दुसरा आपण खेळायचा. मी टोळ्याची चाल लावली आणि दुसऱ्या बाहुल्याची बटणं आईला दाखवली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे.

आईने आयुष्यात पहिल्यांदा की-बोर्डला हात लावला. एका बोटाने.

टोळ्या निघाला. सरळ शेवटच्या खोलीत गेला. या वेळी कुठेही वळला नाही. दार दिसलं असावं त्याला. डाव्या फरशीवर जाऊन उभा राहिला आणि थांबला.

आईचा बाहुला भिंतीला धडकत होता. मागे जात होता. स्वतःभोवती फिरत होता. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मी सांगत होते, उजवीकडे आई, उजवीकडे. तिच्या बोटाने दुसरंच बटण दाबलं जात होतं. पाणी छातीपर्यंत आलं. माझे हात की-बोर्डकडे गेले तशी ती खेकसली, हात लावायचा नाही.

टोळ्या हलला नाही. त्याने फक्त मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं.

पाणी गळ्याशी आलं आणि आईचा बाहुला अडखळत, तिरका, फरशीवर चढला.

दार उघडलं.

धप् धप्.

तो आत गेला.

पाणी ओसरलं. स्क्रीनवर एक शब्द आला. पूर्ण. हा शब्द मी लोकांच्या लेव्हल खेळताना शेकडो वेळा बघितलाय. माझ्या स्वतःच्या लेव्हलमध्ये पहिल्यांदा बघितला. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई माझ्या केसांतून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी चाल लावायला गेले तर चाल नव्हती. भिंत गप्प होती. त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले. सुटला माझा भाऊ.

मग मी एक हिंमत केली. ती लेव्हल लोकांपुढे ठेवली. म्हटलं, बघू दे जगाला, मलाही एखादी गोष्ट पुरी करता येते. लोकांनी खेळली. एकदोघांनी छान म्हटलं. मी चक्क लाजले.

आणि मग एका निवृत्त पोस्टमनचा निरोप आला. तो आणि त्याची बायको मिळून असे गेम खेळतात. त्याने फार कौतुक केलं होतं. शेवटी लिहिलं होतं…

"एकच चूक राहिली आहे. बाहेरच्या दाराला तुम्ही पत्ताच दिलेला नाही. पत्ता रिकामा असला की हा गेम दारातून गेलेल्या खेळाडूला दुसऱ्या खेळाडूच्या जागी नेऊन सोडतो. मी दारातून गेलो तो थेट बायकोच्या बाहुल्यात जाऊन उभा राहिलो. मग कोण कुणाला चालवतंय तेच कळेना. आम्ही खूप हसलो."

मी फाइल उघडली.

पत्त्याची जागा रिकामी होती.

इतकी वर्षं मी दारच केलं नव्हतं. पत्ता द्यायची हाताला सवयच नव्हती. घाईत सेव्ह केलं होतं.

मी तशीच बसून होते. घरात आवाज नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं, की बरेच दिवस मी एक आवाज ऐकलेलाच नाही. वॉकरचा. टक् टक् करत फरशीवरून सरकणारा. वॉकर दाराच्या मागे उभा करून ठेवलेला होता. त्यावर धूळ बसली होती.

आई चालत होती. वॉकरशिवाय. मला वाटलं होतं, दुःख हलकं झालं म्हणून. भूक दुप्पट झाली होती. डॉक्टर म्हणाले, या वयात चमत्कारच म्हणायचा.

मी बोळात डोकावले. आई स्वयंपाकघरातून येत होती. डाव्या भिंतीला चिकटून. खांदा घासत.

माझ्या दाराशी येऊन थांबली. पायरी चढताना जिच्या गुडघ्यांतून कळा यायच्या, त्या माझ्या आईने टाचा उचलल्या…

धप् धप्.

मग आत आली आणि इस्त्रीचे कपडे घेऊन गेली. नेहमीसारखी.

याला आता बरेच दिवस झाले. मी दाराला पत्ता दिलाय. नीट तपासून, पुन्हा पुन्हा बघून. आता जो जाईल तो बाहेरच पडेल. पण त्यासाठी आईने परत एकदा खेळायला बसायला हवं. मी दोनदा म्हणून बघितलं. ती हसते. झालं ना तुझं पुरं, मग आता कशाला उकरतेस, म्हणते. आनंदात आहे हो ती. इतकी आनंदात मी तिला कधीच बघितली नव्हती.

काल जेवायला बस म्हणून तिने मला हाक मारली. ताई म्हणाली.

आणि समजा, बसली ती खेळायला. दार उघडलं. तर त्या दारातून दोघांतलं कोण जाईल, हे मला कोण सांगणार? एक गेला की एक राहील असंही कुठे लिहिलंय? लेव्हल बांधणारी मीच, आणि मलाच माहीत नाही.

म्हणून फाइल तशीच ठेवली आहे. पुन्हा एक अर्धवट.

खोलीचं दार मी आता कधी बंद करत नाही. तिला थांबून उड्या माराव्या लागू नयेत म्हणून. आत्ताही सताड उघडं आहे.

तरी ती येऊन थांबते.

धप् धप्.

मी म्हणते, ये ना, उघडंच आहे.